वॉर्डात डबा घेऊन कोण येतं?

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवातील भाषणाचा सारांश)



अथर्वशीर्ष, नाटक, पाककृती स्पर्धा यांच्यामध्ये मानसिक रुग्णालयाचा विषय कुठून आला, असं काहींना वाटलं असेल. होळकरांच्या काळापासून इंदुरात राहणाऱ्या आपल्या घरांत मधुमेह आहे, हृदयविकार आहे, तसाच मनाचा आजारही आहे. फक्त त्याचं नाव चारचौघांत घेतलं जात नाही. आज घेऊ या.

मी मनोविकाराच्या तीव्र अवस्थेतल्या रुग्णांच्या वॉर्डात सहायक मानसशास्त्रज्ञ आहे. कुणाला आठवडाभर झोप नसते, कुणाला कानात आवाज ऐकू येतात, कुणी जीव द्यायला निघालेलं असतं. ही माणसं काही दिवस, फार तर काही आठवडे आमच्याकडे राहतात. औषधं मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर देतात. मी वरिष्ठांच्या देखरेखीखाली रुग्णाजवळ बसते, बोलते, चाचण्या घेते, नातेवाइकांकडून आजाराचा इतिहास लिहून घेते. दिसायला साधं काम, पण पुढचे उपचार बरेचसे या इतिहासावर ठरतात.

एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन घरांच्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. कॉलेजातला मुलगा. जेवत नाही, बोलत नाही, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला. घरचे म्हणाले, "काही नाही हो, परीक्षेचं टेन्शन." आजी मात्र गप्प होती. वॉर्डात सगळा व्यवहार हिंदीत. मी आजींशी मराठीत बोलले, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "दोन वर्षांमागे हाच पोरगा रात्र-रात्र जागायचा, हजारोंची खरेदी करायचा, मी मोठा उद्योगपती होणार म्हणायचा. बहिणीचं लग्न ठरत होतं ना, म्हणून कुणाला सांगितलं नाही."

या एका वाक्याने निदान बदललं. एकदा उन्माद आणि एकदा उदासी, असा हा द्विध्रुवी आजार. त्यात नुसती उदासीची गोळी दिली, तर काही रुग्णांमध्ये उन्माद पुन्हा उसळतो. सोयरिकीसाठी लपवलेली गोष्ट पोराच्या जिवावर येऊ शकते, ती अशी.

म्हणून वॉर्डात येताना खरं सांगा. शेवटची पूर्ण झोप कधी झाली, कोणती गोळी कधीपासून बंद केली, दारू-गांजा काही आहे का, घराण्यात आणखी कुणाला त्रास होता का. आम्ही हे तुमची अब्रू मोजायला विचारत नाही. आणि घरातलं वयस्क माणूस दोन-तीन दिवसांत एकाएकी असंबद्ध बोलू लागलं, तर "म्हातारचळ लागला" म्हणून सोडून देऊ नका. लघवीचा संसर्ग किंवा रक्तातलं सोडियम कमी होणं, यानेही असं होतं. लगेच डॉक्टरांना दाखवा.

भाषेचं आणखी एक. "जीव नकोसा झालाय" हे आपण भाजी करपली तरी म्हणतो. पण एखादा माणूस गप्प-गप्प राहून तेच म्हणू लागला, तर जवळ बसून सरळ विचारा, "मरावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. मग त्याला एकटं सोडू नका आणि मदत मिळवा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६. चोवीस तास, मोफत.

"एकदा आत टाकलं की बाहेर येत नाही," ही भीती अजून आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ सालचा, तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. सज्ञान माणूस स्वतःच्या संमतीने दाखल होऊ शकतो आणि घरीही जाऊ शकतो. माणूस निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल आणि त्याला स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असेल, तर त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावर दाखल करतात. तेही प्रथम जास्तीत जास्त ३० दिवस. साखळीने बांधायला बंदी आहे. भूल दिल्याशिवाय विजेचे झटके देता येत नाहीत. विमा कंपनीने शरीराच्या आजारासारखाच मनाच्या आजारालाही विमा द्यावा, असंही त्यात लिहिलं आहे.

आता मंडळाला एक विनंती. कुणाची बायपास झाली की आपल्याकडे डब्यांची रांग लागते. कोण वरण-भात आणतं, कोण रात्री झोपायला जातं. आमच्या वॉर्डातल्या मराठी कुटुंबाकडे मात्र कुणी येत नाही, कारण त्यांनी कुणाला सांगितलेलंच नसतं. आणि सांगितलं नाही, कारण सांगितल्यावर काय होतं हे त्यांनी पाहिलेलं असतं. ही गाठ त्या एकट्या घराला सुटायची नाही. ती आपण सगळ्यांनी सोडवायची.

रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जोखमीचे असतात. आत्महत्येचा धोका तेव्हा वाढलेला असतो. नेमकं तेव्हाच "आता बरा आहे" म्हणून गोळ्या सुटतात आणि लोक बोलणं टाळतात. अशा वेळी "काय झालं होतं?" हे विचारू नका. "जेवलास का?" एवढं विचारा. आईला दोन तास विश्रांती मिळावी म्हणून त्याच्याजवळ बसा. तो तयार असेल, तर गणपतीत प्रसादाच्या टेबलावर त्याला उभं करा. नुसतं खुर्चीत बसवून ठेवू नका, काम द्या. आपण इथे लागतो, हे त्याला कळू द्या.

वॉर्डातलं काम आम्ही करूच. फाटकाबाहेरचं तुम्ही करायचं आहे. पुढच्या खेपेला एखादं घर अचानक गप्प झालेलं दिसलं, तर चौकशा करू नका, डबा घेऊन जा.

गणपती बाप्पा मोरया!