दर्याचा नारळ

फैजपूर, यावल, रावेर हा केळीचा मुलूख. तेथील एका कंदाभोंवतीं किती तरी पिलें फुटतात आणि सुमारें वर्षभरांत घड हातीं येतो. इतक्या उदार झाडाच्या सहवासांत वाढलेल्या माणसास दर्याच्या नारळाचें कार्पण्य खरेंही वाटणार नाहीं.

फळ महाराष्ट्राला अनोळखी नाहीं. फकिराच्या हातांतील काळेंभोर, होडीच्या आकाराचें भिक्षापात्र पुष्कळदां याच्याच कवचाचें असतें. वाळलेलें खोबरें काष्ठौषधींच्या दुकानीं मिळतें. झाड मात्र कोणीं पाहिलेलें नसतें. पूर्वीं हीं फळें मालदीवच्या व हिंदुस्थानच्या किनाऱ्यांना वाहत येऊन लागत. तेव्हां हा वृक्ष समुद्राच्या तळाशींच वाढत असावा, अशी समजूत होती. नांव पडलें तें त्यावरून. १७६८ सालीं फ्रेंचांना तो सेशेल्स द्वीपसमूहांतील प्रास्लिन बेटावर चांगला जमिनींत उभा असलेला सांपडला. लगेच एका जहाजानें इतकीं फळें हिंदुस्थानांत आणून ओतलीं, कीं त्यांचा भावच कोसळला!

प्रास्लिन आणि शेजारचें चिमुकलें क्युरियूज, या दोनच बेटांवर तो आज आपोआप उगवलेला आढळतो. याचें कारण बीजांतच आहे. ताजें बीज पाण्यांत बुडतें. किनाऱ्याला लागत तीं आंतून कुजून पोकळ झालेलीं फळें. जगांतील हें सर्वांत जड बीज झाडाखालींच पडतें व तेथेंच रुजतें. दुसऱ्या बेटावर बिऱ्हाड थाटणें त्यास साधत नाहीं. शिवाय नरझाड निराळें, मादी निराळी; फळ पिकावयास सहा-सात वर्षें. कलकत्त्याजवळ शिबपूरच्या वनस्पति-उद्यानांत १८९४ सालीं लावलेल्या झाडास पहिला फुलोरा येण्यास नव्वदांवर वर्षें लागलीं.

असें रान वणव्यानें जळालें किंवा लागवडीसाठीं तोडलें गेलें, तर तें पुन्हां उभें राहण्यास माणसाच्या कित्येक पिढ्या जाव्या लागतात. प्रास्लिनवरील व्हॅले द मे हें खोरें १९८३ सालीं जागतिक वारसा ठरलें. फळांची चोरी मात्र थांबलेली नाहीं, कारण खोबऱ्याला आशियांत गिऱ्हाईक आहे. लाटांबरोबर येणारें फळ मेलेलेंच असे. चोरानें फोडलेलें उगवूं शकलें असतें. सेशेल्समधून परवान्यावांचून हें फळ बाहेर नेतां येत नाहीं. सोललेल्या खोबऱ्यावर परवाना कोण शोधणार?