घरट्यावरचा डोळा

श्रोतेहो, 'दृष्टीआड सृष्टी' ही म्हण आपण सारेच वापरतो. जे डोळ्यांना दिसत नाही त्याची चिंता माणूस सहसा वाहत नाही, असा तिचा सरळ अर्थ. आज मी ज्या पक्ष्याविषयी आपल्याशी बोलणार आहे, त्याच्या बाबतीत ही म्हण उलटी झाली आहे. त्याचे घरटे उंच झाडाच्या अगदी शेंड्यावर, माणसाच्या नजरेपासून दूर. पण अशा काही घरट्यांवर आता एक यांत्रिक डोळा, म्हणजे कॅमेरा, बसविलेला असतो. आणि हजारो मैलांवरची माणसे घरबसल्या त्या कुटुंबाचा संसार घडत असतानाच पाहतात. असे पाहणे ही नुसती करमणूक आहे, की त्यातून काही जबाबदारीही अंगावर येते, एवढाच आजचा प्रश्न.

प्रथम पक्ष्याची ओळख करून घेऊ. इंग्रजीत त्याला ऑस्प्रे म्हणतात. आपल्या पक्ष्यांच्या पुस्तकांत कैकर असे नाव आढळते. घारीपेक्षा थोराड, पाठ गडद तपकिरी, पोट पांढरे, डोळ्यावरून मानेकडे गेलेला काळपट पट्टा, आणि पंख पसरले की पाच फुटांच्या वर पसारा. त्याचे अन्न म्हणजे मासा, आणि जवळजवळ मासाच. उंचावरून पाण्यात पाय पुढे करून तो झेपावतो. तळव्यांवर बारीक काटे असतात आणि बाहेरचे बोट मागे वळते. त्यामुळे दोन बोटे पुढे, दोन मागे, अशी पकड बसते. मग बुळबुळीत मासा सुटेल कसा? उडताना तो माशाचे तोंड पुढे ठेवतो, म्हणजे वारा कमी अडतो. आपल्या कोळ्यांनीही कौतुक करावे असा हा मासेमार आहे.

अशा पक्ष्याचे ब्रिटनमध्ये माणसाने काय केले? बंदुकीने मारला, आणि अंडी जमविण्याच्या छंदापायी घरटी लुटली. १९१६ नंतर स्कॉटलंडात त्याचे घरटे दिसेनासे झाले. पुढे १९५४ साली एक जोडी लॉख गार्टन या तलावाकाठी परत आली. तेथील पक्षिमित्रांनी ही गोष्ट गुप्त ठेवली. उद्देश चांगला, पण गुप्तता टिकली नाही. १९५८ साली एका चोराने रात्रीच्या अंधारात अंडी पळविली, आणि घरट्यात कोंबडीची अंडी बुटाच्या पॉलिशने रंगवून ठेवली! पाठलाग झाला तेव्हा खरी अंडी फुटली ती फुटलीच.

यानंतर जॉर्ज वॉटरस्टन या गृहस्थांनी आणि त्यांच्या पक्षिसंरक्षण संस्थेने मोठे धाडस केले. १९५९ साली त्यांनी घरटे लपविण्याऐवजी लोकांना दाखवायचे ठरविले. रात्रंदिवस पहारा बसविला, लांब अंतरावर दुर्बिणी लावल्या आणि लोकांना सांगितले, "या, बघा." त्या एका हंगामात सुमारे १४,००० माणसे आली, आणि तीन पिल्ले सुखरूप उडाली. जे लपवून वाचले नाही ते दाखवून वाचले! हजारो लोक ज्याला आपले म्हणतात, त्याच्या वाटेला जायला चोरही दहादा विचार करतो.

आजचा कॅमेरा हा त्याच दुर्बिणीचा नातू समजा. मार्चअखेर पक्षी आफ्रिकेतून परतण्याआधीच माणसे तो बसवून ठेवतात, म्हणजे पक्ष्याला त्याचा उपद्रव नाही. रात्री डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या साहाय्याने तो अंधारातही पाहतो. त्यातून काय दिसते? नर आणि मादी जुन्याच घरट्यावर वाळक्या काटक्यांची डागडुजी करतात. मादी बहुधा तीन अंडी घालते. एक घातल्यावर दुसरे दोनतीन दिवसांनी. सुमारे ३७ दिवस उबविल्यावर पिल्ले बाहेर येतात, तीही एकामागून एक. मग बाप मासे आणतो, पुष्कळदा डोक्याकडचा भाग स्वतः खाऊन उरलेला आणतो. आई माशाचे नखाएवढे तुकडे तोडून भरविते. थोरले पिल्लू आधी खाते, धाकटे मागून, आणि आई सर्वांत शेवटी. आपल्याकडच्या स्वयंपाकघरात काय निराळे चालते?

मासे भरपूर असले की तिन्ही वाढतात. टंचाई आली की धाकट्याच्या पोटाला चिमटा बसतो. सहा आठवड्यांत पिल्ले काठावर उभी राहून पंख फडफडवू लागतात, आणि सातआठ आठवड्यांत उडतात. ऑगस्टमध्ये आई आधी निघून जाते. मग पिल्ले निघतात, एकेकटी. पश्चिम आफ्रिकेपर्यंतची सुमारे तीन हजार मैलांची वाट कुणी दाखवीत नाही, बापही नाही.

हे सारे पाहताना माणूस त्या कुटुंबात गुंततो. आणि खरी परीक्षा तेथेच सुरू होते. दोन घरट्यांची हकीकत सांगतो.

पहिले घरटे स्कॉटलंडातील लॉख ऑफ द लोज या तलावाकाठचे. तेथे १९९१ पासून एक मादी दरवर्षी येत असे. पाहणाऱ्यांनी तिला 'लेडी' म्हणजे बाईसाहेब असे नाव दिले होते. २०१० च्या जूनमध्ये ही बाईसाहेब एकाएकी आजारी पडली. मान टाकून घरट्यात निपचित पडून राहिली. देशोदेशींची माणसे कॅमेऱ्यातून ते पाहत होती. तिचा शेवट आला असेच जाणकारांनाही वाटले. वर चढून तिला खाली आणावे, औषध द्यावे, असे कुणाच्या मनात येणार नाही? पण राखणदारांनी हात लावला नाही. रानपक्षी माणसाच्या हाती लागला की भीतीनेच अर्धा होतो. आणि नक्की काय झाले आहे हे ठाऊक नसताना औषध तरी कशाचे द्यायचे? त्यांनी केवळ पाहणे पत्करले. पाहत राहणे म्हणजे काहीच न करणे असे आपल्याला वाटते. पण तळमळ होत असताना हात आवरणे हे फार अवघड काम आहे. काही दिवसांनी बाईसाहेब उठली, मासा खाल्ला, आणि पुढे २०१४ पर्यंत दरवर्षी येत राहिली. त्या घरट्यात तिने एकूण ७१ अंडी घातली, आणि तिची पन्नासच्या आसपास पिल्ले उडाली.

दुसरे घरटे वेल्समधील डवी नदीच्या खोऱ्यातले. येथील नराचे नाव माँटी, मादीचे नोरा. २०११ साली या खोऱ्यात कित्येक शतकांनंतर त्यांची पिल्ले प्रथम उडाली. दुसऱ्या वर्षी, २०१२ मध्ये, तीन पिल्ले निघाली. आणि जून महिन्याच्या ८ व ९ तारखेला, आपल्याकडे मृग लागतो त्याच सुमारास, पश्चिम वेल्समध्ये महापूर आला. पावसाला खंड नाही, वाऱ्याला उसंत नाही. अशा वेळी घरट्यात काय होते ते नीट समजून घ्या. पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते. ती भिजली की ऊब संपली. आई पंखांची पाखर घालून बसते, तिला उठता येत नाही. बाप मासा आणायला जातो, तर नदी गढूळ; वरून मासा दिसेल कसा? म्हणजे वरून थंडी आणि आतून भूक, असे दोन काळ एकाच वेळी उभे.

दोन पिल्ले गेली. तिसरे मान वर उचलीना. हे सारे कॅमेऱ्यातून दिसत होते. इकडे राखणदारांपुढे पेच पडला. निसर्गात ढवळाढवळ करायची नाही, हा तर त्यांचा नेम. कायद्याने घरट्याजवळ जायलाही परवाना लागतो. अखेर ते गेले. वर चढून त्यांनी उरलेल्या पिल्लाला हाताने माशाचे तुकडे भरविले आणि त्याला त्याच्या आईच्या स्वाधीन केले. हवा निवळली, बाप मासे आणू लागला, आणि ते पिल्लू जगले. तेथल्या एका लहान नदीवरून त्याचे नाव ठेवले केलान.

आमच्या कॉलेजातील एका विद्यार्थ्याला ही हकीकत सांगितली तेव्हा त्याने विचारले, "सर, एका ठिकाणी हात आवरला त्याचे कौतुक, आणि दुसऱ्या ठिकाणी हात दिला त्याचेही कौतुक, मग नियम कोणता?" प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे.

डवीच्या घरट्याला माणसाचा हात आधीच लागलेला होता. मचाण माणसांनी बांधून दिलेले. नोरा ही मादी २००८ साली इंग्लंडातील रटलंड येथे जन्मलेली. आणि तेथे १९९६ पासून स्कॉटलंडातील पिल्ले नेऊन सोडली, म्हणून तर तेथे हे पक्षी होते. त्या वेळी वेल्समध्ये घरटी मोजकीच होती, कारण पूर्वीच्या माणसांनी ती संपविली होती. म्हणजे येथे मदत करणे हे निसर्गात ढवळाढवळ करणे नव्हते. जुन्या कर्जाचा एक हप्ता फेडणे होते. शिवाय काय हवे ते स्पष्ट दिसत होते, एक घास. आणि तो देऊन लगेच बाजूला होता येत होते. बाईसाहेबांच्या बाबतीत दुखणे कळत नव्हते आणि हात लावल्याने अधिकच बिघडण्याची भीती होती. तेव्हा हात देण्याआधी तीन गोष्टी विचाराव्या : या संकटात आपला काही दोष आहे का? नेमके काय हवे ते आपल्याला कळते का? आणि देऊन झाल्यावर दूर होता येईल का? मन कळवळते म्हणून धावणे सोपे आहे. पण कळवळा पाखरासाठी आहे की आपल्याच मनाच्या शांतीसाठी, हे तपासायला हवे.

आता केलानचे पुढे काय झाले? तो मोठा झाला, उडाला, आणि त्या शरद ऋतूत आफ्रिकेतील सेनेगलपर्यंत पोचला. त्याच्या पाठीवरच्या लहानशा यंत्रामुळे ते कळले. पण पहिल्याच हिवाळ्यात तो तेथे मरण पावला. काही जण म्हणतील, मग खटाटोप वाया गेला. मला तसे वाटत नाही. या जातीची बरीचशी पिल्ले पहिले वर्ष पार करीतच नाहीत; घास भरविणाऱ्यांना हे ठाऊक होते. शेतकऱ्याला हे सांगायला नको. पेरलेला प्रत्येक दाणा कणसाला येत नाही, म्हणून कुणी पाभर टांगून ठेवीत नाही. नोरा २०१३ साली परतली नाही. माँटीने दुसरा जोडीदार मिळविला, आणि त्या वर्षी त्याच घरट्यात जन्मलेली क्लारख ही मादी पुढे स्कॉटलंडात जाऊन स्वतः आई झाली. घरटे टिकले होते, कारण त्याकडे लक्ष ठेवणारी माणसे टिकली होती.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देऊ नका. कैकर आपल्याकडेही येतो, हिवाळ्याचा पाहुणा म्हणून. आपल्याकडे तो घरटे करीत नाही, आणि वेल्सचे पक्षी येथे येत नाहीत. आपले पाहुणे उत्तरेकडच्या थंड मुलुखातून येतात. भिगवणजवळ उजनीच्या पाणलोटात तो पाण्यातल्या वाळक्या झाडावर मासा खात बसलेला दिसतो. त्याला कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे. पण काठावर टाकून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्यात पाय अडकला तर कायदा सोडवायला येत नाही. तेथे आपला दोष आहे, काय हवे तेही कळते : फाटकी जाळी गोळा करून काठ मोकळा ठेवणे. हा पाहुणचार आपल्या हातचा आहे.

ज्या शाळेत पडदा किंवा चांगला मोबाईल आहे, त्यांनी जून-जुलैत असे एखादे घरटे मुलांना जरूर दाखवावे. उन्हाळ्यात तिकडचे घड्याळ आपल्यामागे साडेचार तास असते. म्हणजे आपल्याकडे सकाळ बरीच वर आलेली असते तेव्हा तिकडे पहाट होऊन पहिल्या माशाची वेळ झालेली असते. मुलांना वही द्या. मासा किती वाजता आला, कुणी आधी खाल्ले, पाऊस होता का, हे त्यांनी लिहावे. आणि एखादे पिल्लू मेले तर पडदा झाकू नका. मुलांजवळ बसा, आणि ते का झाले ते त्यांच्याशी बोला. खेड्यातील मुलाने वासरू मेलेले पाहिलेले असते. ते तुमच्या-आमच्यापेक्षा खंबीर असते.

आणि पडदा नसेल तर? विहिरीवर सुगरणीचे खोपे आहेत, वळचणीला चिमणी आहे, कुंपणात बुलबुल आहे. वीस पावले दूर बसावे, फांदी वाकवू नये, अंड्याला बोट लावू नये, आणि रोज एकाच वेळी पाहावे. पंधरा दिवसांनी त्या मुलांना विचारा, हे घरटे कुणाचे? ती म्हणतील, आमचे. ज्या गावातली पोरे असे म्हणू लागतात, त्या गावातल्या घरट्यांना वेगळा पहारेकरी लागत नाही.