झगडे मिटतात कसे : आयर्लंडच्या एका कोपऱ्याची हकीकत
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानासाठी चिटणीसांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा 'सशस्त्र झगडे मिटतात कसे' असे आम्ही सांगितले. ते क्षणभर गप्पच झाले. शिष्यवृत्त्या देणाऱ्या, दवाखाना चालवणाऱ्या संस्थेच्या मांडवात बंदुकांची गोष्ट कशाला, असे त्यांच्या मनात आले असावे. पण "मास्तर, वेळ तेवढी पाळा," एवढेच म्हणून त्यांनी संमती दिली. त्यांचे आम्ही आभारी आहोत.

या विषयाकडे आम्ही वळलो त्यास एक घरगुती कारण आहे. मध्यंतरी गावात एका मिरवणुकीच्या वेळी दगडफेक झाली. दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गात पहिल्या बाकावर एकत्र बसणारी दोन मुले दोन टोकांस जाऊन बसली. आम्ही बी. ए., बी. एड.; बालमानसशास्त्राचा पेपर आम्हांस चांगला गेला होता. आम्ही त्या दोघांस वर्गापुढे बोलावले, बंधुभावावर पाच मिनिटे बोललो आणि हातात हात द्यावयास लावले. त्यांनी दिले. आठवडाभरात एकाच्या वडिलांचा तुकडी बदलून देण्याबद्दलचा अर्ज आला.

आपले काय चुकले, हे कळावे म्हणून आम्ही याहून कितीतरी मोठे तंटे जेथे मिटले तेथील इतिहास वाचू लागलो. त्यांत उत्तर आयर्लंडच्या हकीकतीने आम्हांस धरून ठेवले.

१९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली. उत्तरेचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. तेथे प्रॉटेस्टंटांचे बहुमत, कॅथलिक अल्पसंख्य. हा धर्माचा तंटा होता असे आपण सहज म्हणतो. पण बायबलाच्या अर्थावरून तेथे कोणी गोळी झाडली नाही. आपण ब्रिटनचे की आयर्लंडचे, हा प्रश्न होता. आणि त्याखाली घरांचे वाटप, नोकऱ्या, मतदानाचा हक्क असे साधे प्रश्न होते. १९६८ साली नागरी हक्कांचे मोर्चे निघाले, त्यांवर लाठ्या पडल्या. १९६९ साली लष्कर आले. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरी शहरात लष्कराच्या गोळीबाराने मोर्चातील तेरा माणसे जागीच मारली गेली, आणि त्यानंतर तरुणांस हातात शस्त्र देणाऱ्यांचे काम सोपे झाले. १९९८ पर्यंत साडेतीन हजारांच्या आसपास माणसे प्राणास मुकली, तीही अशा मुलखात की ज्याची लोकसंख्या पंधरा-सोळा लाखांची.

डेरी हे नाव उच्चारताना आम्ही जरा अडखळलो, हे आपल्या ध्यानात आले असेल. तेथले कॅथलिक त्या शहरास डेरी म्हणतात, प्रॉटेस्टंट लंडनडेरी. कोणते नाव घेता यावरून माणूस ओळखला जातो. बेळगाव आणि बेळगावी यांमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींस हे फोड करून सांगण्याची गरज नाही. तेथे अनोळखी माणसास विचारतात, तुमची शाळा कोणती? शाळेवरून जात कळते. आम्हांसही लोक विचारतात. घरी दखनी बोलणारा, मराठीतून शिकवणारा आणि कचेरीत कन्नडात अर्ज करणारा मुसलमान कोणत्या खान्यात घालावा, हे त्यांस कळत नाही, आणि खरे सांगायचे तर कधी कधी आम्हांसही. असो.

समझोत्याचा पहिला मोठा प्रयत्न १९७३ सालचा. सनिंगडेल येथे करार झाला व दोन्ही समाजांचे संयुक्त मंत्रिमंडळ १९७४ च्या जानेवारीत अधिकारावर आले. मे महिन्यात प्रॉटेस्टंट कामगारांनी संप केला, वीज बंद पाडली आणि दोन आठवड्यांत मंत्रिमंडळ कोसळले. करार कागदावर वाईट नव्हता. पण तो मवाळांनी मवाळांशी केला होता. ज्यांच्या हाती वीजघरे होती आणि ज्यांच्या हाती बंदुका होत्या, ते दोघेही बाहेर होते. पंचवीस वर्षांनी जो करार टिकला त्याचा साचा पुष्कळसा हाच होता. शेमस मॅलन या पुढाऱ्याने त्याचे वर्णन मंद विद्यार्थ्यांसाठी काढलेले सनिंगडेल असे केले. हे गृहस्थ पूर्वी मुख्याध्यापक होते, हे सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

दुसरे शिक्षक जॉन ह्यूम. फ्रेंच आणि इतिहास शिकवीत. राजकारणात येण्यापूर्वी, १९६० साली, त्यांनी चार स्नेह्यांबरोबर डेरीत एक पतसंस्था काढली. पेढ्या ज्यांस दारात उभे करीत नसत अशा गरिबांसाठी ती होती आणि अवघ्या काही पौंडांवर सुरू झाली. आपल्या संस्थेचा पहिला वर्गणी-वहीचा कागद बाहेर प्रदर्शनात लावला आहे, तो पाहताना आम्हांस तिची आठवण झाली. याच ह्यूम यांनी १९८८ पासून शिन फेन पक्षाचे गेरी अॅडम्स यांच्याशी बोलणी आरंभली. अॅडम्स यांचा पक्ष आयरिश रिपब्लिकन आर्मीचा राजकीय हात समजला जाई. ही बोलणी १९९३ साली उजेडात आली तेव्हा वृत्तपत्रांनी ह्यूम यांस झोडपले, स्वपक्षीयही नाराज झाले. स्वतः हिंसेचे कट्टर विरोधक असून हिंसा करणाऱ्यांच्या दारी ते गेले. कारण जो शस्त्र चालवतो तोच ते खाली ठेवू शकतो.

या दोघांमधील निरोप पोचविणारे अॅलेक रीड नावाचे एक कॅथलिक पाद्री होते. १९ मार्च १९८८ रोजी बेलफास्टमध्ये एका अंत्ययात्रेत साध्या वेषातील दोन ब्रिटिश सैनिकांची गाडी शिरली. जमावाने त्यांस ओढून काढले व नंतर गोळ्या घालून ठार केले. रीड धावत गेले, गुडघे टेकून एकाच्या तोंडात श्वास भरू लागले. काही उपयोग झाला नाही. त्या वेळी त्यांच्या खिशात शिन फेनने ह्यूम यांच्यासाठी दिलेला मसुदा होता. पाकिटावर रक्त लागले. त्यांनी पाकीट बदलले आणि कागद त्याच दिवशी मार्गी लावला. आपण त्या जागी असतो तर? आम्ही तरी तो कागद फाडून घरी गेलो असतो.

पुढे १९९४ च्या ऑगस्टअखेर शस्त्रबंदी जाहीर झाली, १९९६ च्या फेब्रुवारीत लंडनमधील स्फोटाने ती मोडली, १९९७ च्या जुलैत पुन्हा सुरू झाली. वाटाघाटींच्या अध्यक्षस्थानी जॉर्ज मिचेल हे अमेरिकन गृहस्थ होते. जून १९९६ मध्ये बैठका सुरू झाल्या. काही पुढारी तर शेवटपर्यंत एकमेकांशी थेट बोलले नाहीत. सारे अध्यक्षांस उद्देशून. मिचेल ऐकत राहिले. त्यांची खरी विद्या हीच. अखेर त्यांनीच एक मुदत घातली आणि १० एप्रिल १९९८ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, करार झाला.

करारात मूळ प्रश्नाचा निकाल लावलेला नाही, ही आमच्या मते त्याची थोरवी. बहुसंख्यांची इच्छा असेतो मुलूख ब्रिटनमध्ये राहील, उद्या बहुमताने आयर्लंड निवडले तर तसे होईल. आणि आजपासूनच तेथे जन्मलेल्यास स्वतःस ब्रिटिश, आयरिश अथवा दोन्ही म्हणवून घेण्याचा हक्क राहील. मंत्रिमंडळात दोन्ही बाजूंस जागा. २२ मे रोजी कौल घेतला तेव्हा उत्तरेत शेकडा ७१ लोकांनी अनुकूल मत दिले. दोन वर्षांत चारशेंवर कैदी सोडले गेले. ज्यांचे मुलगे, नवरे मारले गेले होते त्यांनी मारेकऱ्यांस रस्त्यावर मोकळे हिंडताना पाहिले. शांततेची ही किंमत सर्वांस सारखी पडली नाही, हे सभासमारंभांत कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो.

आणि लगेच, १५ ऑगस्ट १९९८ रोजी, करार न मानणाऱ्या एका गटाने ओमा गावच्या बाजारपेठेत बॉम्ब उडवला. २९ माणसे मेली. सारे मोडणार असे वाटले, मोडले नाही. रिपब्लिकन आर्मीची शस्त्रे तर २००५ साली नष्ट झाली. साक्षीस दोन धर्मोपदेशक होते, एक मेथॉडिस्ट पंथाचे हॅरल्ड गुड आणि दुसरे तेच अॅलेक रीड.

आम्ही मुलांस हात मिळवावयास लावले ते पहिल्या दिवशी. तिकडे हात मिळवणे शेवटी आले. हे उमजल्यावर आम्ही दोन्ही घरी निरनिराळे गेलो. एका घरी फुटलेल्या दुकानाची हकीकत तीन वेळा ऐकली. दुसऱ्या घरी थोरल्या भावाच्या अटकेची. बंधुभावावर बोललो नाही. मुलगा मूळ तुकडीत अजून परतलेला नाही. मात्र शाळेच्या फुटबॉल संघात दोघे आहेत, आणि चेंडू एकमेकांस देतात. देतातच असे नाही, कधी कधी.

तिकडचेही तसेच आहे. मंत्रिमंडळ वारंवार बंद पडते. २०१७ ते २०२० आणि २०२२ ते २०२४ ते नव्हतेच. बेलफास्टमध्ये दोन वस्त्यांमधल्या भिंती २०२३ पर्यंत पाडू, असे सरकारने २०१३ साली जाहीर केले होते. ते साल उलटले, भिंती उभ्या आहेत. १९८१ साली, गोळीबार चालू असताना, काही पालकांनी बेलफास्टलगत स्काउटांच्या एका केंद्रात दोन्ही समाजांच्या मुलांसाठी एक शाळा काढली. लॅगन कॉलेज तिचे नाव. पहिल्या दिवशी मुले २८, सरकारी अनुदान नाही. आज तेथे हजारांवर मुले शिकतात. तरीही साऱ्या मुलखात अशा मिश्र शाळांत जाणारी मुले दर शंभरांत दहाही नाहीत. बाकीची अजून सकाळी आपापल्या बाजूच्या शाळेकडे निघतात.