स्वतःवरची आगपाखड थांबवायला

ठाणे, कल्याण, कुणी थेट कसाऱ्याहून लोकलने आलेल्या मैत्रिणींनो, एडीएचडी आणि ऑटिझमसह जगणाऱ्या बायकांच्या या परिषदेत, स्वागत समितीच्या वतीने डोंबिवलीत तुमचं मनापासून स्वागत करते.

मुलाच्या तपासणीसाठी प्रश्नावली भरता भरता आईला स्वतःचंच बालपण दिसू लागतं आणि चाळिशीत कळतं, एडीएचडी आपल्यालाही आहे. तोवर ती घरीदारी वेंधळी, धांदरट ठरलेली असते. शास्त्रानेही बायकांकडे उशिराच पाहिलं. ऑटिझमचंही तेच: १९४३ साली बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी त्यावर लिहिलं, तेव्हा त्यांनी अभ्यासलेल्या ११ मुलांत मुली फक्त ३ होत्या. वर्गात उड्या मारणारा मुलगा बाईंच्या नजरेत भरतो. खिडकीबाहेर बघत तंद्री लागलेली मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून राहून जाते. कधी हसायचं, कधी मान डोलवायची, हे ती इतरांचं बघून पाठ करते. मोठेपणी लोकलच्या गर्दीत, ऑफिसात दिवसभर तेच निभावते. संध्याकाळी कुकरची शिट्टीही सोसत नाही, आणि त्याबद्दलही स्वतःलाच बोल लावते.

ही आगपाखड थांबावी, यासाठी मला ही परिषद हवी होती. ठाण्यात त्यासाठीची मशागत आधीच झाली आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली तिथे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली. त्यांचे गुरू कि. मो. फडके यांनी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचं विवेकनिष्ठ मानसोपचारशास्त्र मराठीत आणलं. विजेचं बिल भरायचं राहिलं, तर चूक त्या कृतीची. त्यावरून मी कुचकामी ठरत नाही, हे त्यातलं मर्म. २००३ साली आत्मकरुणेची मोजपट्टी तयार करणाऱ्या क्रिस्टिन नेफ त्यात मोलाची भर घालतात: असं होणारी मी एकटी नाही. बिलासाठी मोबाइलवर गजर लावणं, नवऱ्याला ते काम देणं, हीसुद्धा करुणाच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, एडीएचडीचं नाव नाही; त्यावर दुपारी बोलूच.

आता सोयीचं. मागच्या रांगांवरचे दिवे मंद ठेवलेत. शेजारच्या खोलीत माइकचा आवाज येत नाही. केव्हाही जाऊन बसा, कुणाला विचारू नका. उभ्याने ऐका, विणकाम करत ऐका. जेवणाच्या रांगेतली गर्दी नको असेल, तर स्वयंसेवकांना सांगा, ताट जागेवर मिळेल. आता उद्घाटनासाठी मी पाहुण्यांना विनंती करते.