समोरच्या बागेचे अंदाजपत्रक
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला दहा मिनिटे दिली आहेत. पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा म्हणाले. मी एकच सांगणार आहे, समोरच्या बागेची.

आधी एक कबुली देतो. आपल्या कंपाउंडमध्ये ‘येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे’ ही पाटी लागली, त्या ठरावाला अनुमोदन माझे होते. गाड्यांच्या काचा फुटत होत्या, त्यामुळे ठराव चुकीचा होता असे मी आजही म्हणणार नाही. मुले समोरच्या बागेत जाऊ लागली. पुढे त्या बागेला उतरती कळा लागली आणि विषय जनरल बॉडीत आला, तेव्हा मीच म्हणालो, “बाग महापालिकेची, आपल्याला काय त्याचे?” त्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या आजी उठल्या. “इथून तुम्ही हाकललंत, तिथं आता गुडघाभर गवत. मग पोरांनी जायचं कुठं?” मी खाली बसलो.

बागेचे पाणी बंद होते, झोपाळ्याच्या साखळ्या तुटल्या होत्या, माळी फिरकत नव्हता. वॉर्ड ऑफिसात एकच उत्तर मिळे, “फंड नाही.” पस्तीस वर्षे खतावण्या तपासलेल्या माणसाला एवढ्याने समाधान कसे होणार? माहितीच्या अधिकारात अर्ज केला. कागद हातात आले तेव्हा कळले की देखभालीची तरतूद अंदाजपत्रकात होती. वर्ष अर्धे सरल्यावर ती रस्त्याच्या कामाकडे वळवली होती. याला ‘वर्गीकरण’ म्हणतात. तो गैरव्यवहार नव्हे, सभागृहाच्या मंजुरीनेच होतो. पण ज्या कामासाठी कोणी विचारायला येत नाही, त्याचेच पैसे आधी उचलले जातात.

दुसरी गोष्ट खर्चाच्या प्रकाराची. कमान, कारंजे, ओपन जिम हा भांडवली खर्च. त्यावर उद्घाटनाची पाटी लागते. पाणी घालणे, गवत काढणे हा महसुली खर्च. त्याला पाटी लागत नाही. आमदार निधीतूनही वस्तू उभी राहते, माळ्याचा पगार होत नाही. म्हणून बागा थाटात सुरू होतात आणि पाण्यावाचून वाळतात.

आम्ही नऊ जण नगरसेवकांकडे गेलो. पहिल्या भेटीत मी जरा आवाज चढवला. त्यांनी शांतपणे विचारले, “काका, तुमच्या सोसायटीतून मतदानाला किती जण येतात?” आम्ही एकमेकांकडे पाहिले. घरी येऊन मनाशी म्हटले, माणूस खरे बोलला.

दुसऱ्या वेळी पद्धत बदलली. आसपासच्या सोसायट्या आणि मागच्या वस्तीतले लोक बरोबर घेतले, कारण त्यांची मुलेही त्याच बागेत येतात. सह्या घेतल्या. मागण्या तीनच ठेवल्या: पाण्याचे कनेक्शन, कायम माळी, रात्रीचा वॉचमन. नवे काही मागितले नाही. अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे येण्याआधी निवेदन दिले आणि पावतीवर शिक्का घेतला. पुढच्या वर्षी तरतूद टिकली. पाणी आले, माळी आला. वॉचमन आजतागायत आलेला नाही, हेही नोंदवून ठेवतो.

ही काही आपलीच करामत नव्हे. बागा आणि क्रीडांगणे ही ७४व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत घातलेली शहराची जबाबदारी आहे. पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली कामे सुचवता येतात. मुंबईत जानेवारी २०१६ मध्ये मोकळी मैदाने देखभालीसाठी खाजगी संस्थांकडे देण्याचे धोरण महापालिकेत मंजूर झाले. नागरिकांनी इतका विरोध केला की मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याला स्थगिती दिली. मागणाऱ्याने वेळेवर, कागद घेऊन आणि एकत्र जायला हवे, एवढेच.

२०२२ नंतर राज्यातल्या बऱ्याच महापालिकांवर प्रशासक होते. जाब विचारायला नगरसेवकच नसला की काय होते, ते त्या काळात कळले. अर्ज आत जात, पण त्याचे काय झाले हे विचारायचे कोणाला?

आता माझी मागणी. त्या नऊ जणांपैकी चौघे आज आपल्यात नाहीत. त्या आजीही नाहीत. निवेदनांची फाईल माझ्या कपाटात आहे आणि माझे गुडघे आता वॉर्ड ऑफिसचे जिने चढू देत नाहीत. ज्या मुलांना मी कंपाउंडमधून हाकलले, त्यातली काही आज इथे आपली मुले मांडीवर घेऊन बसली आहेत. त्यांच्यापैकी एकाने ही फाईल न्यावी. दरवर्षी डिसेंबरात एक निवेदन, मार्चआधी एक भेट आणि दिवाळीनंतर पैसे वळवले नाहीत ना, याची चौकशी. काम एवढेच आहे.

आणि मतदान करा. पुन्हा कोणी तो प्रश्न विचारला, तर मान खाली घालायची वेळ येऊ नये.

दहा मिनिटे झाली.