शेजार हेच भांडवल
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'उद्योगाबद्दल बोल' असं सांगितलं. माझा उद्योग लहान आहे. शिरोली एमआयडीसीत तीन मशीन आणि नऊ माणसं. त्यामुळे यशोगाथा सांगत नाही. एवढासा कारखाना मोठ्या कंपनीचं काम कसा घेऊ शकतो, तेवढंच सांगतो.

माझ्याकडे बिडाचं कास्टिंग येतं, ते मशीनिंग करून मी पुढे देतो. पण त्याआधी पॅटर्न एकानं केलेला असतो, कोअर दुसऱ्यानं, ओतकाम तिसऱ्यानं, फेटलिंग चौथ्यानं. ही सगळी यंत्रं मीच घ्यायची म्हटलं, तर कर्ज माझ्या नातवालाही फिटायचं नाही. हे सगळे जण मोटारसायकलनं दहा-पंधरा मिनिटांवर आहेत, म्हणून मला एकाच कामात पैसा आणि डोकं घालता येतं. बेअरिंग गेलं तर तासाभरात दुसरं मिळतं. ऑपरेटर गावाला गेला तर शेजारी चार दिवस माणूस देतो.

आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १८९० साली हेच मांडलं होतं. एकाच धंद्याची माणसं एका जागी जमली की तीन गोष्टी आपोआप मिळतात : कसबी कामगार, पूरक धंदे आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाणारं ज्ञान. आपण आता त्याला 'क्लस्टर' म्हणतो.

कोल्हापुरात हे कुणी आराखडा काढून केलं नाही. ऊस होता, गुऱ्हाळं होती, नदीवरून पाणी उपसायला ऑइल इंजिनं आली. ती दुरुस्त करणारे मेस्त्री सुटे भाग बनवू लागले. त्यातून उद्यमनगर वाढलं, पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. आज इथली कास्टिंग मोटारी, ट्रॅक्टर आणि पंपांत बसतात.

पण नुसतं जवळ असणं पुरत नाही. जवळ असल्यामुळे प्रत्येकाला दुसऱ्याचा दर माहीत असतो. एकानं किलोमागे रुपया कमी केला की दुसरा दीड करतो, आणि फायदा गिऱ्हाईक घेऊन जातं. स्वस्त तर कुणीही देईल. आपली खरी ताकद एकत्र येऊन काही उभं करण्यात आहे.

वाळूचंच घ्या. साच्यासाठी चांगली सिलिका वाळू लागते, ती कोकणातून घाट चढून येते. वापरलेली वाळू टाकायची कुठे, हा प्रत्येक फाउंड्रीपुढचा प्रश्न. ती पुन्हा वापरण्याजोगी करणारा प्रकल्प एकट्या लहान फाउंड्रीच्या आवाक्यातला नाही. तो इथल्या उद्योजकांनी एकत्र येऊन, सरकारी योजनेची मदत घेऊन उभा केला. दरात एकमेकांशी भांडणारी माणसं वाळूसाठी एका टेबलाशी बसली. क्लस्टरचा फायदा म्हणतात तो हा.

आता काळजीची गोष्ट. हाताला वाळूचा ओलावा कळणारे मोल्डर आणि लाकूड बघून पॅटर्नचा अंदाज सांगणारे मेस्त्री साठीला आले आहेत. त्यांची मुलं या धंद्यात येत नाहीत. घाम, धूळ आणि पगार बघता त्यांना दोष कसा द्यायचा? पण मशीन कुठल्याही शहरात विकत मिळतं, हे कसब मिळत नाही. ते गेलं तर आपण नुसते शेजारी उरू.

म्हणून दोन विनंत्या. आपल्यातल्या ज्यांचे कारखाने आहेत, त्यांनी प्रत्येकी निदान एक आयटीआयचा मुलगा किंवा मुलगी शिकाऊ म्हणून घ्यावी, बसायला नीट जागा आणि वेळेवर पैसे देऊन. आणि सर, बाई, नववीच्या मुलांना वर्षातून एकदा आमच्याकडे पाठवा. वितळलेलं लोखंड साच्यात पडताना त्यांनी लांबून का होईना, बघू दे. वाहतुकीची आणि चहा-नाश्त्याची व्यवस्था आमच्या बॅचकडे लागली.