अर्धा इंच म्हणजे एक फूट

राहुरी तालुक्यातून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. पापड, कुरडया, शेळ्या, शिलाई, सगळ्यांवर या कार्यक्रमात बोलून झालंय. आज आम्ही ट्रक कसा बांधला ते सांगणार आहोत. हसू नका. ट्रक टेबलावर मावेल एवढाच आहे, पण अठरा चाकांचा आहे, आणि तो आम्ही गंमत म्हणून बांधला नाही.

आधी कारण सांगतो. नगर-मनमाड रस्ता राहुरीतून जातो, हे तुम्हाला माहीतच आहे. दिवसरात्र कंटेनरचे ट्रेलर चालू असतात. ऊसाचा हंगाम लागला की त्यात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर येतात. याच रस्त्यालगतच्या एका वळणावर मागच्या हंगामात आमच्या गटातल्या एका सुनेला अपघात झाला. ट्रेलर जरा उजवीकडे गेला, डावीकडे मोकळी जागा दिसली, म्हणून ती स्कूटी घेऊन त्या जागेतून पुढे निघाली. तेवढ्यात ट्रेलर डावीकडे वळला. स्कूटी मागच्या चाकाखाली गेली. ती बाजूला फेकली गेली म्हणून वाचली, पण मांडीचं हाड मोडलं, आत सळई टाकावी लागली.

आम्ही गटातून तिला कर्ज दिलं. पण पुढच्या मीटिंगला कुणीतरी बोलून गेलं, "हे ट्रेलरवाले सगळे आंधळे नाहीतर पिलेले." आमच्याच गटात एका ताईंचे मालक ट्रेलरवर ड्रायव्हर आहेत. ट्रेलर त्यांचा नव्हता, तरी त्या ताई उठल्या आणि पासबुक घेऊन निघून गेल्या. पुढच्या दोन महिन्यांची बचत त्यांनी मुलाच्या हातून पाठवली. एकीचा पाय मोडला होता, दुसरीचं मन. काय बोलावं ते आम्हाला कळेना.

मग तो खोका आला. गटातल्या एका मावशींचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे. त्याने हौसेने ट्रकच्या मॉडेलचा संच घेतला होता, थोडा जोडला आणि ठेवून दिला. खोका मावशींच्या कॉटखाली पडून होता. मावशी म्हणाल्या, "राख्या करणारे हात आहेत आपले. जोडून तर बघू." आम्हाला वाटलं, हा ट्रक पुरा झाला तर वळणावर नेमकं काय झालं ते डोळ्यांनी बघता येईल.

आता अशा संचात काय असतं ते सांगतो. प्लास्टिकच्या चौकटींना बारीक बारीक भाग चिकटलेले असतात: दार, आरसा, सीट, स्टेअरिंग. प्रत्येकाला नंबर असतो. ते ओढून तोडायचे नाहीत. कटरने कापायचे, आणि राहिलेला टोक बारीक वॉटर पेपरने घासायचा. रंग देण्याआधी सगळं भांड्यांच्या साबणाने धुऊन वाळवायचं, नाहीतर रंग धरत नाही. आधी अस्तराचा हात, मग रंगाचे दोन-तीन पातळ हात. जाड हात दिला की ओघळ येतात. खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि लहान मुलांना लांब ठेवायचं, कारण गोंदाचा आणि रंगाचा वास डोक्यात जातो.

आमच्या चुकाही ऐका. झटपट चिकटणारा गोंद आम्ही काचेला लावला. त्याच्या वाफेने सगळी काच पांढरी झाली. मग मिठाईच्या डब्याचं पारदर्शक झाकण कापून नवी काच बसवली. एका मुलीने दारावर सांडलेला रंग नेलपॉलिश काढायच्या पाण्याने पुसला, तर दारच वितळून सुरकुतलं. ते दार आम्ही तसंच ठेवलंय. अपघाताची गाडी वाटते.

या संचात फक्त ट्रकचं पुढचं धूड होतं. ड्रायव्हर लोक त्याला घोडा म्हणतात. मागचा ट्रेलर नव्हता, तो आम्हीच करायचं ठरवलं. खोक्यावर 1:24 असं लिहिलेलं होतं. म्हणजे खऱ्या ट्रकचे 24 इंच ते मॉडेलचा एक इंच. आमच्यातल्या ब्लाउज शिवणाऱ्या ताईंनी लगेच सोपं करून टाकलं: एका फुटाला अर्धा इंच. मग टेप काढली. मोठा कंटेनर 40 फूट लांब, म्हणजे आमचा 20 इंच. रुंदी 8 फूट, म्हणजे 4 इंच. उंची साडेआठ फूट, म्हणजे सव्वाचार इंच. सनबोर्ड कापून डबा केला. कंटेनरच्या पत्र्याला उभ्या घड्या असतात, त्यासाठी खोक्याचा नालीदार पुठ्ठा वरून चिकटवला. ट्रेलरला बारा चाकं लागतात. ती जुन्या स्लीपरच्या तळव्यातून पावणेदोन इंचाची गोल कापली, लहानपणी आपले भाऊ गाड्यांना करायचे तशीच.

आता घोडा आणि ट्रेलर जोडतात कसे? ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. माहीत होतं ते एकाच घरी. मग धीर करून आम्ही चौघी त्या ड्रायव्हर दादांच्या घरी गेलो. ताईंनी चहा ठेवला, पण बोलल्या नाहीत. दादांनी घोडा हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "हा कुठल्या देशात चालतो? याचं स्टेअरिंग डावीकडे आहे."

एवढे दिवस आमच्या एकीच्याही ध्यानात आलं नव्हतं. संच परदेशी ट्रकचा होता. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. दादा म्हणाले, "वहिनी, हे बदला. नाहीतर आम्हाला काय दिसत नाही ते तुम्हाला कधी कळायचं नाही." मग स्टेअरिंग कापून उजवीकडे बसवलं. घोड्याच्या पाठीवर एक गोल तबक असतं, त्यात ट्रेलरच्या पोटाखालची जाड खुंटी अडकते आणि तिथेच सगळी गाडी वळते. खुंटीसाठी ताईंनी स्वतः उठून डब्यातून एक खिळा काढून दिला. पुढच्या मीटिंगला त्या आल्या.

मग बारीक कामं. टपावर आणि सायलेन्सरजवळ गेरू पातळ करून लावला, गंज दिसतो. चाकांना चाळलेली काळी माती चोळली. पुढे लिंबू-मिरची, मागे काळा गोंडा. "हॉर्न ओके प्लीज" लिहिणार होतो, तर दादा म्हणाले, आपल्या राज्यात 2015 पासून त्याला बंदी आहे. त्या जागी चमकणाऱ्या पट्ट्या लावल्या. नियम असा: पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल.

ट्रक पुरा झाल्यावर अंगणात रांगोळीने डावीकडचं वळण काढलं. घोड्याच्या पुढच्या चाकांना ओली हळद लावली, ट्रेलरच्या चाकांना ओलं कुंकू. सावकाश वळवला. हळदीची रेघ बाहेरून गेली आणि कुंकवाची रेघ वळण कापत आतून गेली. टेपने मोजलं, दोन्हींत चार इंचांचं अंतर. म्हणजे खऱ्या रस्त्यावर आठ फूट! लांब ट्रेलरची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागे जात नाहीत, आतून जातात. म्हणूनच ड्रायव्हर वळण्याआधी गाडी जरा उजवीकडे घेतो. डावीकडे जी मोकळी जागा दिसते, ती आपल्यासाठी नसते. मागची चाकं तिथूनच जाणार असतात.

मग तारेची स्कूटी आणि अडीच इंचाची बाहुली केली, म्हणजे पाच फुटी बाई. ती डाव्या दाराशी ठेवली, केबिनचं टप काढलं आणि उजव्या सीटवरून मोबाइलच्या कॅमेऱ्याने पाहिलं. डाव्या खिडकीत बाहुली दिसेना. ट्रकची खिडकी तिच्या डोक्याहून उंच. अगदी पुढ्यात चिकटून ठेवली तरी दिसेना. पाय मोडलेली आमची सून कुबडी टेकून ते बघत होती. खूप वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मी त्याला दिसलेच नव्हते."

तिची चूक होती असं आम्ही म्हणत नाही. तिला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आपल्यालाही कुणी सांगितलं नव्हतं.

तर मैत्रिणींनो, तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, वळणावर ट्रेलरच्या किंवा दोन ट्रॉल्यांच्या डाव्या बाजूने कधी पुढे जायचं नाही. मागे थांबायचं, तो वळून जाऊ द्यायचा. दोन, ड्रायव्हरचा आरसा तुम्हाला दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही. तीन, तुमच्या घरची ट्रॉली ऊस वाहत असेल, तर मागची लाल पट्टी आणि दिवा रोज बघा. लोंबणारा ऊस दिवा झाकतो. सगळ्यात मागच्या मोळीला चमकणारा पट्टा बांधा आणि मग घरधन्याला निघू द्या.

महागडा संच घ्यायची गरज नाही. पुठ्ठा, जुनी स्लीपर, एक खिळा, आणि अर्धा इंच म्हणजे एक फूट एवढा हिशेब पुरे. चाकं फिरती ठेवा आणि खिळ्यावर ट्रेलर मोकळा वळू द्या. हळद-कुंकू तर घरात आहेच.

आमचा ट्रक आता शाळेत आणि दुसऱ्या गटांकडे जातो. त्या दोघी बरोबर असतात. फार बोलत नाहीत अजून. पण ड्रायव्हर दादांच्या ताई रांगोळीने वळण काढतात आणि आमची सून ट्रक वळवते. पोरी खाली वाकून कुंकवाची रेघ बघतात.

पुढचा हंगाम लागायच्या आधी तुमच्या गावातही एक ट्रक बांधा. नमस्कार.